नाही आवडलं तर आम्हाला सांगा

"आवडलं तर चार जणांना सांगा, नाही आवडलं तर आम्हाला सांगा." ही पाटी कुठल्या ना कुठल्या खानावळीत किंवा मिठाईच्या दुकानात तुम्ही वाचलेली असणारच. आज आपण तिच्या बरोब्बर उलट वागतो. आवडलं तर गुपचूप खातो, पैसे देतो आणि निघतो. नाही आवडलं तर गल्ल्यावरच्या माणसाशी चकार शब्द बोलत नाही. रस्त्यावर येतो, फोन काढतो आणि सगळ्या जगाला सांगतो. त्या जगात तो गल्ल्यावरचा माणूसही असतो, पण त्याला ते कळतं सगळ्यात शेवटी.

ऑनलाइन रिव्ह्यू वाईट, असं मला म्हणायचं नाही. मी रिव्ह्यू वाचल्याशिवाय चप्पलसुद्धा घेत नाही. पण छोट्या दुकानांच्या बाबतीत ही पद्धत न्यायाची नाही असं माझं मत आहे, आणि ते मत कृष्णपुऱ्यात बनलं आहे.

कृष्णपुरा म्हटलं की बाहेरच्या माणसाला छत्र्या आठवतात. खान नदीच्या काठावर कृष्णाबाई, तुकोजीराव दुसरे आणि शिवाजीराव होळकर यांच्या स्मरणार्थ बांधलेल्या. गूगलवर त्या छत्र्यांनाही तारे आहेत. कोणाला नक्षीकाम आवडलं म्हणून पाच, कोणाला नदीचा वास आला म्हणून दोन कमी. होळकरांना आता त्यानं काही फरक पडत नाही. पण पुलावरून राजवाड्याकडे येताना जी बारकी बारकी दुकानं लागतात, त्यांना पडतो.

तिथल्या एका आतल्या गल्लीत एक काकू ब्लाऊज शिवतात, फॉल-पिको करतात. दुकान म्हणजे दोन मशिनं, भिंतीवर खिळ्यांना टांगलेल्या पिशव्या आणि गिऱ्हाइकासाठी एक स्टूल. नाताळच्या आधीचं आमच्या घरचं शिवणकाम त्यांच्याकडेच असतं. नोव्हेंबर उजाडला की आईच्या खेपा सुरू. काकूंनी आपलं दुकान गूगलवर कधी टाकलं नाही. कुणीतरी टाकलं. नकाशावर नवी जागा कुणालाही घालता येते, आणि घालणाऱ्याला 'लोकल गाइड' म्हणून गुणही मिळतात. ज्यानं टाकलं त्यानं पिन ठेवली नदीच्या पलीकडे, आणि दुकान बंद व्हायची वेळ लिहिली रात्री दहा. काकू साडेसातला शटर ओढतात.

मोजके रिव्ह्यू आहेत. एकात एक तारा आणि मजकूर: 'इतनी दूर से आए, दुकान बंद, ऊपर से कपड़ों पर रंग डाल दिया.' म्हणजे भिया रंगपंचमीला आले होते! त्या दिवशी राजवाड्यावर गेर निघते, अर्धं इंदूर रस्त्यावर असतं, आसपासच्या इमारतींनासुद्धा प्लास्टिक गुंडाळलेलं असतं, आणि ह्यांना ब्लाऊज हवा होता. दुसऱ्यात 'पार्किंग नहीं है', दोन तारे. कृष्णपुऱ्यात पार्किंग! तिसऱ्यात मजकूर नाहीच. एक तारा, नावाच्या जागी दोन इंग्रजी अक्षरं, फोटो नाही.

काकूंना हे कळलं त्यांच्या भाच्याकडून. पहिल्या दोन्हींवर त्या हसल्या. तिसरं मात्र त्यांच्या मनाला लागलं. त्यांनी मापांची वही काढली आणि त्या दोन अक्षरांचं कोण कोण आहे ते शोधत बसल्या. सहा-सात बायका निघाल्या. आई गेली तेव्हा त्या म्हणाल्या, "अहो, नुसतं नाव कळलं असतं तरी पुरे होतं. घट्ट झाला असेल तर आत माया सोडलेली असते, उसवून देते ना मी. त्याचे पैसेसुद्धा घेत नाही."

शिवणकामात कापडाच्या आत जी जास्तीची पट्टी ठेवतात तिला 'माया' म्हणतात. चुकलं तर दुरुस्त करायला जागा. रिव्ह्यूच्या पद्धतीत मला नेमकी तीच दिसत नाही.

आता थोडं गणित. साहित्याच्या विद्यार्थिनीनं गणित मांडलं की वर्गात हशा पिकतो, पण हे चौथीचं आहे. धरून चाला, एका दुकानाला नऊ जणांनी पाच-पाच तारे दिले. सरासरी पाच. दहावा माणूस एक तारा देतो. सरासरी आली ४.६ वर. ती पुन्हा ४.८ व्हायला आणखी दहा जणांनी पाच-पाच द्यावे लागतील; ४.९ व्हायला तीस जणांनी. ज्या काकूंना नऊ रिव्ह्यू जमायला चार वर्षं लागली, त्यांना तीस कधी मिळायचे? आता मॉलमधलं एखादं मोठं शोरूम घ्या. दोन हजार रिव्ह्यू, सरासरी ४.३. तिथं तोच माणूस तोच एक तारा देऊन आला, तर सरासरी होते ४.२९८. स्क्रीनवर दिसतं ४.३. म्हणजे त्याचा राग शोरूमच्या दारावर नुसती टिचकी, आणि काकूंच्या दारावर हातोडा. राग मात्र तेवढाच.

आणि याचा पैशांशी थेट संबंध आहे. हार्वर्ड बिझनेस स्कूलच्या मायकेल लूका यांनी अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यातल्या रेस्टॉरंटांचा अभ्यास केला होता. त्याचा निबंध २०११ मध्ये आला. येल्प या संकेतस्थळावर रेटिंग एका ताऱ्यानं वाढलं की उत्पन्न पाच ते नऊ टक्क्यांनी वाढतं, असं त्यांना दिसलं. पण मला महत्त्वाची वाटते ती त्याच निबंधातली पुढची गोष्ट: हा परिणाम स्वतंत्र, एकट्यादुकट्या रेस्टॉरंटांवर होतो, मोठ्या साखळ्यांवर होत नाही. साहजिक आहे. नावाजलेल्या पिझ्झाच्या दुकानात आपण तारे बघून जात नाही, तिथं काय मिळणार हे जायच्या आधीच माहीत असतं. तारे बघतो ते अनोळखी दुकानात जाताना. म्हणजे ज्याच्याकडे जाहिरात नाही, ब्रँड नाही, त्याचं सगळं त्या पाच चांदण्यांवर.

याची चांगली बाजूही आहे, ती लपवायचं कारण नाही. चांगलं काम करणाऱ्या लहान दुकानाला तारे वरही नेतात. छप्पन दुकानवरच्या जॉनी हॉट डॉगला २०१९ मध्ये ऊबर ईट्सनं हाँगकाँगमध्ये गौरवलं, ते आम्हा इंदूरकरांना अजून आठवतं. (पुढे जानेवारी २०२० मध्ये ऊबर ईट्सचा भारतातला कारभार झोमॅटोनं विकत घेतला. ॲप गेलं, दुकान जिथल्या तिथं आहे.) ग्राहकाच्या बोलण्याला किंमत असते हे इंदूरला कुणी शिकवायला नको, स्वच्छ सर्वेक्षणात नागरिकांच्या अभिप्रायाला गुण असतात, आणि २०१७ पासून आपण पहिले येतोय त्यात त्या अभिप्रायांचाही वाटा आहे.

तेव्हा माझा प्रश्न, लोकांनी मत द्यावं का, हा नाही. मत कसं द्यावं, हा आहे. आपल्या वाङ्मय मंडळात दर महिन्याला कुणी ना कुणी पुस्तक परीक्षण वाचतं. त्याला आपण काही अटी न सांगताच लावतो. पुस्तक पूर्ण वाचलेलं असावं. काय खटकलं ते पानासकट सांगावं. कवितासंग्रहाला 'यात कथानक नाही' असा दोष देऊ नये. आणि खाली स्वतःचं नाव असावं. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी १८७४ मध्ये निबंधमाला सुरू केली आणि लोकहितवादींवर, जोतीराव फुल्यांवर ते तुटून पडले. मला ती टीका ठिकठिकाणी अन्यायाची वाटते. पण तसं मी आज म्हणू शकते, कारण सगळं समोर आहे: कोणी लिहिलं, कशावर लिहिलं, हरकत काय होती. दीडशे वर्षांनंतरसुद्धा त्याला उत्तर देता येतं. काकूंच्या त्या एका ताऱ्याला उत्तर काय द्यायचं? तिथं वाक्यच नाही. टीका कठोर असल्याची तक्रार नाहीच. ती मुकी आहे, ही तक्रार आहे.

'पार्किंग नहीं है' म्हणजे कवितासंग्रहात कथानक शोधणं. पिन चुकली, गेर होती, रस्ता खोदलेला होता, पाऊस होता. यातलं काहीही काकूंच्या हातात नाही. पण पाच चांदण्यांमध्ये हे वेगळं सांगायची सोयच नाही. शिलाई, वागणूक, भाव, रस्ता, नदीचा वास, सगळं एकाच आकड्यात कालवलेलं.

इथं मला आमच्या धर्मशिक्षणाच्या वर्गाची आठवण होते. दहा आज्ञांमधली आठवी, आम्हा कॅथलिकांच्या मोजणीप्रमाणे, शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देऊ नये ही आहे. लहानपणी मला वाटायचं ही कोर्टकचेरीत जाणाऱ्यांसाठी असावी. आपला काय संबंध. आता वाटतं, रिव्ह्यू ही साक्षच आहे. तुम्ही तिथं होता, तुम्ही पाहिलं, आणि तुमच्या शब्दावर विसंबून दुसरा माणूस निर्णय घेणार. साक्षीदाराला नाव विचारतात, तू तिथं होतास का हे विचारतात, उलटतपासणी होते. मत्तयच्या शुभवर्तमानात अठराव्या अध्यायात तर क्रमच दिला आहे: भावानं तुझा अपराध केला तर आधी त्याला एकट्याला गाठून सांग, ऐकलं नाही तर एक-दोघांना बरोबर ने, तरीही ऐकलं नाही तर मंडळीसमोर मांड. धर्म बाजूला ठेवून बघितलं तरी हा साध्या व्यवहारातला शहाणपणा आहे, दुकानातल्या त्या पाटीइतकाच साधा. आपण मात्र थेट तिसऱ्या पायरीवर जाऊन उभे राहतो.

यावर माझ्या एका मैत्रिणीनं मला चांगलंच फैलावर घेतलं. तिचं म्हणणं पूर्ण मांडते, कारण त्यात तथ्य आहे. ती भंवरकुआँला पीजीत राहते. तिकडे कोचिंगसाठी आलेल्या मुलामुलींची किती पीजी आणि वसतिगृहं आहेत ते तुम्हाला माहीत आहे. ती म्हणाली, "मी आधी मालकाला एकटीनं जाऊन सांगू? माझं डिपॉझिट त्याच्याकडे आहे. खोलीची दुसरी किल्ली त्याच्याकडे आहे. नाव लिहून रिव्ह्यू दिला तर त्याच रात्री दारावर थाप पडेल. मी इथं येण्याआधी कुणीतरी बिननावानं लिहून ठेवलं होतं की अमुक ठिकाणी जाऊ नका, म्हणून मी वाचले."

मला तिच्यापुढे गप्प बसावं लागलं, आणि नंतर बराच विचार करावा लागला. ती बरोबर आहे. पण काकूंवर अन्याय झाला, हेही बरोबर आहे. दोन्ही एकाच वेळी कसं खरं असू शकतं? मला सापडलेलं उत्तर असं: बघायचं ते नाव लिहिलं की नाही हे नव्हे, कोणाच्या हातात कोणाचं काय अडकलं आहे, हे. पीजीत भाडेकरू दुबळा आहे आणि मालक बळकट. रुग्णालयात रुग्ण दुबळा. नोकरीत नोकर दुबळा. तिथं नाव झाकून बोलणं हे भित्रेपण नाही, संरक्षण आहे. पण फॉल-पिकोच्या दुकानात? गिऱ्हाइकाचं काकूंकडे काय अडकलेलं असतं? फार तर एक साडी. तिथं बळकट गिऱ्हाईक आहे. त्याच्या हातात स्मार्टफोन आहे, वेळ आहे, इंग्रजी-हिंदी लिहिता येतं. समोरच्या बाईकडे साधा बटणांचा फोन आहे आणि आपल्याविषयी काय लिहिलं आहे हे वाचायला भाच्याची वाट बघावी लागते. बळकटानं नाव झाकून दुबळ्यावर दगड मारायचा, आणि त्याला ग्राहकाचा हक्क म्हणायचं, हे मला पटत नाही. गूगलच्या लेखी मात्र पीजीचा मालक आणि काकू एकच. दोघंही 'बिझनेस'.

खरं तर बळकटांना दगड लागला की काय होतं तेही आपण पाहिलं आहे. मे २०२० मध्ये यूट्यूबवाले आणि टिकटॉकवाले यांचं भांडण पेटलं आणि चिडलेल्या लोकांनी प्ले स्टोअरवर टिकटॉकला एक-एक तारा द्यायचा सपाटा लावला. चारच्या वरचं रेटिंग काही दिवसांत दोनच्या खाली आलं. गूगलनं लाखो रिव्ह्यू काढून टाकले आणि आकडा पुन्हा वर चढला. (पुढच्याच महिन्यात सरकारनं टिकटॉकच बंद केलं, तो भाग वेगळा.) त्याच्याही आधी, २०१७ मध्ये, स्नॅपचॅटच्या प्रमुखानं भारताविषयी काहीतरी म्हटल्याची बातमी आली आणि लोकांनी रागाच्या भरात स्नॅपडीललाही झोडपलं. नावात 'स्नॅप' होतं, बस! तर अशा सामूहिक रागातून उगवलेले रिव्ह्यू खरे नसतात, ते पुसता येतात, हे गूगललाही मान्य आहे. फक्त लाखोंच्या संख्येत आले तर ते चटकन नजरेत भरतात. एकुलता एक खोटा तारा कुणाच्या नजरेत भरणार? काकूंच्या भाच्यानं त्या तिसऱ्या रिव्ह्यूवर 'रिपोर्ट' दाबलं. उत्तर आलं की यात धोरणाचा भंग आढळला नाही. कसा आढळणार? मजकूरच नव्हता.

बळकटांना कोर्टही जवळ असतं. २०१८ मध्ये एका यूट्यूबरनं पॅराशूट खोबरेल तेलाच्या शुद्धतेविषयी व्हिडिओ केला. मॅरिको कंपनी मुंबई उच्च न्यायालयात गेली, आणि जानेवारी २०२० मध्ये तो व्हिडिओ काढायचा आदेश झाला. पुढे अपिलात त्या तरुणाला दिलासा मिळाला. त्या भांडणात माझी सहानुभूती यूट्यूबरकडे आहे, कारण त्यानं नाव लावून, तोंड दाखवून मत मांडलं होतं, आणि समोर एवढी मोठी कंपनी होती. पण कंपनीला जायला दार होतं. काकूंनी कुठल्या दारावर जायचं? अब्रुनुकसानीचा दावा लावायचा तर वकिलाची फी किती ब्लाऊजांची, याचा हिशोब त्या मापांच्या वहीत मावणार नाही. ग्राहकासाठी ग्राहक आयोग आहे, २०१९ चा नवा ग्राहक संरक्षण कायदा आहे, आणि ते असायलाच हवेत. ग्राहकानं विनाकारण बदनाम केलेल्या दुकानदारासाठी तेवढं सोपं काही नाही.

मग उरतो तो बाजार. आपल्यापैकी कितीतरी जणांना टेलिग्रामवर किंवा व्हॉट्सॲपवर निरोप आले असतील: घरबसल्या काम, हॉटेलांना पाच तारे द्या, प्रत्येकी इतके रुपये मिळवा. त्यातले पुष्कळ निरोप तर सरळ फसवणुकीचे. सुरुवातीला शंभर-दोनशे रुपये खरंच देतात आणि मग 'मोठं टास्क' म्हणून तुमच्याकडूनच हजारो उकळतात. पण ते जाळं चालतं कशावर? रिव्ह्यू विकत मिळतात, हे सगळ्यांनी गृहीत धरलं आहे यावर. कुणालाही त्यात नवल वाटत नाही. लूका आणि त्यांचे सहकारी झर्वास यांनी बॉस्टनमधल्या रेस्टॉरंटांचे रिव्ह्यू तपासले, तर सुमारे सोळा टक्के येल्पनंच संशयास्पद म्हणून बाजूला काढलेले निघाले. आणि २०२२ च्या उन्हाळ्यात अमेरिकेतल्या बऱ्याच रेस्टॉरंटांवर अचानक एक-एक ताऱ्याचा मारा झाला; पाठोपाठ ईमेल, की पंचाहत्तर डॉलरचं गिफ्ट कार्ड पाठवा, तारे काढून घेतो. ईमेल पाठवणारा आपण भारतातला असल्याचं सांगत होता. खरं-खोटं देव जाणे. वाचून मान खाली गेली एवढं मात्र खरं.

सरकारनं काहीच केलं नाही असंही नाही. भारतीय मानक ब्युरोनं नोव्हेंबर २०२२ मध्ये ऑनलाइन रिव्ह्यूंसाठी आयएस १९००० : २०२२ हे मानक काढलं. रिव्ह्यू देणारा माणूस खरा आहे याची पडताळणी व्हावी, विकत घेतलेले रिव्ह्यू छापू नयेत, गोळा करणं, तपासणं आणि प्रसिद्ध करणं यांचे नियम असावेत, अशा चांगल्या गोष्टी त्यात आहेत. पण ते ऐच्छिक होतं. मे २०२४ मध्ये ते सक्तीचं करण्याचा प्रस्ताव सरकारनंच पुढे आणला, म्हणजे मधल्या दीड वर्षात ऐच्छिक राहून काय झालं ते समजून घ्या. शिवाय त्या मानकाचा सगळा भर खोटे रिव्ह्यू पकडण्यावर. काकूंच्या दुकानावरचे तिन्ही रिव्ह्यू कदाचित खऱ्या माणसांनीच दिलेले असतील. गेरच्या दिवशी आलेला माणूस खोटं बोलत नाहीये. दुकान खरंच बंद होतं. खरं असूनही अन्यायाचं असू शकतं, याला कुठलं मानक लावणार?

मला वाटतं दोन गोष्टी गूगलसारख्यांना सहज करता येतील. एक, पाच-पंचवीस रिव्ह्यू असलेल्या दुकानाची सरासरी दाखवूच नये. नुसते अभिप्राय दाखवावेत, लोकांना वाचू द्यावेत. वीसपेक्षा कमी मुलांच्या वर्गाचा टक्केवारीत निकाल लावला तर आपण हसतो ना? तसंच. दुसरी, पाचातला एक तारा द्यायचा असेल तर किमान एक वाक्य लिहायला लावावं. काय बिघडलं ते. एवढ्यानं सुद्धा त्या तिसऱ्या ताऱ्याचं काम झालं असतं. 'हातात घट्ट झाला' एवढं जरी कुणी लिहिलं असतं तरी काकूंनी वहीतून नाव बरोबर शोधून काढलं असतं.

आता ऐकताना गोड वाटेल अशा एका उपायाविषयी. हे सगळं मी मंडळाच्या बैठकीत बोलले तेव्हा कुणीतरी लगेच म्हणालं, "चला, आपण तीस जण काकूंना पाच-पाच तारे देऊन टाकू!" माझ्या गणिताचा इतक्या तातडीनं उपयोग होईल असं वाटलं नव्हतं. मी नको म्हटलं. ज्यांनी काकूंकडे साधा रुमालही शिवून घेतला नाही त्यांनी पाच तारे देणं हीसुद्धा खोटी साक्षच, फक्त गोड. आणि शेजारच्या गल्लीत ज्यांना वाङ्मय मंडळ ओळखत नाही अशा दुसऱ्या शिंपीणबाई असतील, त्यांच्यावर तो अन्याय. ज्यांनी खरंच काही शिवून घेतलं आहे त्यांनी मात्र जरूर लिहावं, आणि मराठीत लिहावं. 'नाइस सर्विस' नको. कोणता ब्लाऊज, किती दिवसांत मिळाला, अस्तर कसं बसलं, शिलाई किती पडली. आपण साहित्यवाले, चार वाक्यं लिहायला आपल्याला जड जाऊ नये.

त्याऐवजी बैठकीत जे ठरलं ते सांगते. परीक्षा संपल्यावरच्या पहिल्या शनिवारी दुपारी आपण दहा-बारा जण कृष्णपुऱ्यात जाणार आहोत. तारे द्यायला नाही. ज्या दुकानदारांना हवं असेल त्यांचं गूगलवरचं खातं त्यांच्याच नावावर करून द्यायचं. त्यासाठी पडताळणी होते, बहुधा मालकाच्या फोनवरून किंवा दुकानाचा व्हिडिओ काढून, म्हणून मालकानं समोर असायला हवं. पिन नदीच्या अलीकडे आणायची. उघडण्याची आणि बंद होण्याची खरी वेळ टाकायची. रंगपंचमीची सुट्टी आधीच लिहून ठेवायची. जुन्या रिव्ह्यूंना मालकाच्या नावानं उत्तर देता येतं, ते बहुतेकांना माहीतच नाही. काय उत्तर द्यायचं ते त्यांनी सांगायचं, आपण फक्त टंकायचं, त्यांच्याच शब्दांत. काकूंनी त्या दोन अक्षरांसाठी आपलं उत्तर आत्ताच सांगून ठेवलं आहे: "ताई, ब्लाऊज घेऊन या, माया आहे."

यायचं असेल त्यांनी मंडळाच्या ग्रुपवर नाव द्या. छत्र्यांच्या फाटकापाशी तीन वाजता जमायचं. गाडी आणू नका, पार्किंग नाही.